तरंगणारा भाला

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, तिच्या संघाच्या मॅनेजरने फसवलं. बायकांच्या भालाफेकीतला भाला बदलला होता, ते त्याला माहीत होतं, आणि त्याने ते तिला सांगितलं नाही. बाजारात आम्ही आधी माल दाखवतो आणि मग भाव बोलतो. इथे मी उलटं केलंय. भाव बोलून झाला, आता माल बघा.

थंडी पडली की हे सगळं वर येतं. पहाटे मार्केटात उभं राहावं, तोंडातून वाफ निघावी आणि त्या वाफेतूनच भाव बोलले जावेत, असे हे दिवस. मेथीच्या जुड्या दवाने जड झालेल्या असतात. नवखा व्यापारी त्या वजनाला भुलतो. मी जुडी उचलून एकदा झटकते, पाणी उडतं, आणि मग खरी मेथी किती ते कळतं. फ्लॉवरचे गड्डे एकमेकांना घासून करकर वाजत असतात. "आक्का, आज जरा हात सैल सोडा की," कोणीतरी म्हणतो. "थंडीने आखडलाय, ऊन पडल्यावर ये," मी म्हणते. मागचे चारजण हसतात आणि तो माझ्याच भावात माल उचलतो. मग पलीकडे एखादा हमाल कोबीचा गड्डा ट्रकवर भिरकावतो. त्याचा हात मागे जातो, कोपर खांद्याच्या वर येतं, पुढचा पाय खट्कन रोवला जातो, आणि माझं भावाकडचं लक्ष उडतं. समोरचं गिऱ्हाईक दोनदा विचारतं तेव्हा मी भानावर येते आणि त्याच्यावरच ओरडते.

मी चिडकी आहे हे सगळं मार्केट जाणतं. नवऱ्याचं घर सोडून माहेरी आले तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन पंचवटीत दारोदार कोथिंबीर विकली. आज माझा स्वतःचा गाळा आहे. तो मला कोणी ओटीत घातला नाही. जुडीजुडीसाठी घासाघीस केली, शिव्या खाल्ल्या, त्याहून जास्त दिल्या, तेव्हा मिळाला. इतक्या वर्षांत मला कोणी फसवलं नाही असं नाही, पण जो फसवून गेला तो पुन्हा माझ्या गाळ्यासमोरून मान वर करून गेला नाही. एकच माणूस तसा गेला. त्याच्यासाठी हे लिहिणं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मखमलाबादच्या पुढे, कालव्याच्या अंगाला आमचं रान. रान म्हणजे किती, तर एका नजरेत मावेल एवढं. आम्ही भाजीवाले लोक. गहू-उसाचे शेतकरी एखादा तुकडा पडीक टाकू शकतात, आम्हाला ते जमत नाही. आमच्याकडे बांधावर गवार असते, पाटाच्या कडेला मुळा, विहिरीच्या सांडपाण्यावर अळू. दोन वाफ्यांच्या मधे पाऊल ठेवायला जागा सोडावी लागते, तिचंसुद्धा आमच्या वडिलांना, नानांना, वाईट वाटायचं. त्या नानांनी त्या हिवाळ्यात विहिरीपासून चिंचेपर्यंतची लांब पट्टी रिकामी ठेवली. ऐन मेथीच्या दिवसांत. नांगरली, ढेकळं फोडली, वरून फळी फिरवली आणि बी न टाकता तशीच ठेवली.

शेजारच्या राधाकाकू बांधावर येऊन उभ्या राहिल्या. "नाना, पट्टीला काय झालं? बी नाय मिळालं का?"

"मिळालं की. भाला पेरलाय."

"काय पेरलाय?"

"भाला. उगवला की तुम्हाला पयला दाखवतो."

काकूंना वाटलं म्हाताऱ्याला थंडी बाधली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पाहिलं. शाळेतले गांगुर्डे सर सायकलवरून आले, कानाला मफलर, हातात मोजायची टेप. सुमन घरातून भाला घेऊन निघाली. विहिरीपाशी उभी राहिली, भाला खांद्यावर तोलला, पळत निघाली, शेवटची पावलं आडवी पडली, आणि हात सुटला.

ते दृश्य मला कसं सांगावं कळत नाही. मला भाजीचं वर्णन येतं. सुमनचा भाला वर जायचा नाही. तो वाऱ्यावर निजायचा. इतर मुली भाला उंच फेकायच्या, तो वर जाऊन ठरल्या ठिकाणी खाली यायचा. हिचा बुटका निघायचा, वाफ्यांच्या वरून, बगळा पाण्याच्या वरून जातो तसा, आणि आता पडेल, आता पडेल वाटत असताना आणखी पुढे सरकायचा. बारीक घूं असा आवाज यायचा. शेवटी टोक जरासं झुकायचं आणि मातीला ओरखडा काढायचं. कधीकधी तो सपाटच पडायचा. मग गांगुर्डे सर धावत जाऊन मातीवर उकिडवे बसायचे, कारण टोक आधी टेकलं तर फेक खरी, शेपूट आधी टेकलं तर वाया. नाना दुसऱ्या बाजूने उकिडवे बसायचे.

"टोक आधी टेकलं, सर."

"नाना, शेपूट टेकलंय. ही बघा खूण."

"ती खूण काल मी खुरप्यानं केली."

"तुमची पोरगी म्हणून काहीही बोलू नका."

"माझी पोरगी म्हणूनच बोलतोय की, दुसऱ्याच्या पोरीसाठी कशाला बसू हितं थंडीत?"

सुमन कमरेवर हात ठेवून दोघांची भांडणं ऐकत हसत उभी असायची. तिचे ओठ थंडीने फुटलेले असायचे, त्यामुळे हसताना दुखायचं आणि ती हाताने तोंड दाबून हसायची. दूरच्या द्राक्षबागांत थंडी उतरू नये म्हणून पहाटे शेकोट्या पेटवलेल्या असायच्या. तो धूर कालव्यावरून पसरत आमच्या पट्टीवर यायचा आणि भाला त्या धुरात शिरून दिसेनासा व्हायचा. मग धप् असा आवाज आला की कळायचं, पडला.

एकदा धप् आवाज आला नाही, कच् असा आला. थोड्या वेळाने राधाकाकू धुरातून बाहेर आल्या. एका हातात आमचा भाला, दुसऱ्या हातात आरपार भोक पडलेला फ्लॉवरचा गड्डा. "याचं काय करायचं?"

मी म्हटलं, "काकू, चिरायचाच आहे ना? अर्धं काम पोरीने करून दिलं."

"तुझी जीभ, बाई. तिच्या भाल्याला तेवढी धार नाय." पण संध्याकाळी त्याच गड्ड्याची भाजी वाटीत घालून त्यांनी सुमनसाठी पाठवली. नंतर भाला फेकायच्या वेळी काकू स्वतः बांधावर येऊन बसायला लागल्या. म्हणायच्या, माझ्या फ्लॉवरवर लक्ष ठेवायला बसते.

भाला शाळेचा होता. एकच. सरांनी तो आमच्या घरी ठेवायला दिला होता. आढ्याखाली दोन खुंट्यांवर तो आडवा असायचा, आणि झोपताना सगळ्यात शेवटी सुमनची नजर त्याच्यावर जायची. सकाळी तो इतका गार असायचा की धरवत नसे. दोरीची मूठ ती काखेत धरून ऊब द्यायची. एसटीने कुठे जायचं असलं की टोकावर आम्ही बटाटा खोचायचो. कंडक्टर हमखास अडवायचा.

"हे काय घेऊन चढता?"

"भाला."

"आणि वर बटाटा कशाला?"

"तुम्हाला लागू नये म्हणून," सुमन म्हणायची. कंडक्टर दोन पावलं मागे सरायचा. उतरताना बटाटा तिकडेच टाकून यायची, तर मी रागवायचे. चांगला बटाटा, धुऊन भाजीत गेला असता.

त्या हिवाळ्याच्या शेवटी देशपातळीवरच्या स्पर्धेत तिने त्याच भाल्याने अशी फेक केली की तिची देशाच्या संघात निवड झाली. पावसाळ्यात परदेशात आशियातल्या देशांची मोठी स्पर्धा होती. आमच्यासारख्या भाजीवाल्याची पोर तिथे जाणार होती. नाना मार्केटात येऊन माझ्या गाळ्यावर बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विनाकारण चहा पाजू लागले. मी एरवी चहाचे कप मोजते. त्या दिवशी मोजले नाहीत.

होळीच्या सुमारास मी मैदानी खेळांच्या संघटनेच्या ऑफिसात गेले. निवड झालेल्या मुलींना सरावाच्या शिबिराला बोलवायचं असतं, सुमनला बोलावणं नव्हतं. संघाचा मॅनेजर टेबलामागे बसला होता. केस चप्प बसवलेले, बोलणं मऊ. म्हणाला, "शिबिरात जागा नाही हो. आणि तिला कशाला हवंय शिबिर? नाशिकची हवा चांगली, घरचं दूध-भाजी. घरी सराव करू दे, वेळ आली की बोलावतो."

त्याची स्वतःच्या हाताखालची एक मुलगी संघात होती. तीही भालाच फेकायची. ती शिबिरात होती. हे मी तिथेच बोलून दाखवलं. तो हसला. मग मी बाजारात बसते तशी खुर्चीत सरसावून बसले आणि एकेक गोष्ट मागायला सुरुवात केली. ट्रॅकसूट. दिला. खिळ्यांचे बूट. दिले. घरी सराव करायचा तर रोजच्या अंड्यांचा, दुधाचा खर्च. बरं, बघतो म्हणाला, आणि पुढे खरंच दिला. कोपऱ्यात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले नवेकोरे भाले भिंतीला टेकून उभे होते. मी बोट दाखवलं. "त्यातला एक द्या की पोरीला."

"तिच्याकडे आहे ना?"

"जुना आहे तो. शाळेचा."

"अहो ताई, भाला भालाच असतो. हात चांगला पाहिजे. तिचा हात चांगला आहे."

"मग बुटांचा दुसरा जोड द्या."

"दिला," तो लगेच म्हणाला.

बाहेर पडले तेव्हा मी खूश होते. भाला सोडला पण बुटांचा जोड काढला, असा तो हिशेब होता. समोरचा माणूस इतक्या पटकन हो म्हणाला की त्याने काहीतरी पोत्याखाली झाकलेलं असतं, हे मी कोथिंबिरीच्या सौद्यात लगेच ओळखते. तिथे ओळखलं नाही. अजून रात्रीची जेवायला बसले की ते प्लॅस्टिक डोळ्यांपुढे येतं. खिडकीतून आलेल्या उन्हात चकचकत होतं.

उन्हाळाभर सुमनने त्याच जुन्या भाल्याने सराव केला. पट्टीची माती तापून भट्टीसारखी झाली, पळताना तिच्या पायांखालून धूळ उठायची. नाना विहिरीचं पाणी मारून धाव घ्यायची वाट भिजवून द्यायचे. भाला अजून लांब तरंगायला लागला होता. चिंचेच्या पलीकडे जायला लागला होता. सर टेप धरून चिंचेला वळसा घालून जायचे आणि नानांना ओरडून विचारायचे, झाड तोडता का?

जायची वेळ आली तेव्हा पाऊस लागला होता. मुंबईला जाणाऱ्या गाडीत मी तिच्याबरोबर इगतपुरीपर्यंत गेले. तिथे इंजिन बदलायला गाडी बराच वेळ थांबायची, तेवढाच वेळ जास्त मिळाला. प्लॅटफॉर्म धुक्यात बुडालेला, छपरावरून पाणी ओतलेलं, गरम वडे कागदात. ट्रॅकसूट अंगात, बुटांचे दोन्ही जोड पिशवीत. वडा खाता खाता ती तळहाताकडे बघत होती. मुठीच्या दोरीने बोटाच्या कडेला घट्टा पडलेला.

"ताई, भाला घरीच राहिला. बरं नाही वाटत."

"तुझ्या त्या मॅनेजरने सांगितलंय ना, तिकडे सगळं मिळतं म्हणून?"

"मिळतं गं. पण आपला तो आपला."

"तिकडचा चांगलाच असेल. परदेशातला आहे." मी म्हटलं आणि तिला उरलेला वडाही दिला. गाडी सुटल्यावर ती खिडकीतून हात हलवत राहिली. त्या पावसात मला तिचा हातच दिसत होता, तोंड नाही.

स्पर्धेच्या दिवशी टीव्हीवर पुरुषांची धावण्याची शर्यत दाखवली. भाला दाखवला नाही, बायकांचा तर नाहीच. गावातल्या एसटीडी बूथवर नाना, सर आणि मी, फोनची वाट बघत. फोन आला तो तिचाच. म्हणाली, "तीन फेकी झाल्या. संपलं." पहिल्या तीन फेकींनंतर ज्या आठजणी पुढे असतात त्यांनाच आणखी फेकायला मिळतं. ही आठात नव्हती. घरच्या पट्टीवर चिंचेपलीकडे जाणारा हात तिथे निम्म्या वाफ्यांतच थांबला म्हणा ना. नानांनी फोन हातात घेतला, कानाला लावून धरला, आणि मला परत दिला.

परत आल्यावर तिने सांगितलं ते एवढंच. तिथल्या मांडणीवरून भाला उचलला तेव्हा हातात वेगळा लागला. तिने कठड्याजवळ उभ्या असलेल्या मॅनेजरला विचारलं, "सर, हा वेगळा लागतोय." तो म्हणाला, "वेगळा-बिगळा काही नाही. भाला भालाच असतो. फेक." तिने नेहमीसारखा बुटका फेकला. तो तरंगलाच नाही. नाक खाली घातलं आणि मातीत रुतून उभा राहिला. पुढच्या वेळी तिने आणखी जोर लावला, तर आणखी लवकर रुतला. तिसऱ्यांदा तिला वाटलं आपल्याला फेकताच येत नाही.

मॅनेजरने सगळ्यांना एकच शब्द सांगितला: घाबरली. संघटनेत तेच, गावात तेच, मग शाळेत. लग्नाच्या पंगतीत कोणी मायेने म्हणायचं, "एवढी मोठी गर्दी, पोर घाबरली बिचारी." सुमन मान हलवायची. तिने ते खरं मानलं. भाला शाळेत परत गेला. तिच्यानंतर शाळेत कोणी तो हातात धरला नाही. तिचं लग्न झालं, नवरा ओझरच्या विमान कारखान्यात कामाला, चांगला माणूस. पण आपल्या लेकीकडे साधा चेंडू फेकायचा तरी ती घरंगळत सोडायची. हात खांद्याच्या वर न्यायची नाही. मी ते पाहत होते.

पुढच्या हिवाळ्यात नानांनी पट्टीत मेथी पेरली. वाफ्यांतून मेथी वर आली, पण विहिरीपासून एक लांब रेघ तशीच राहिली. सुमन जिथून धाव घ्यायची तिथली माती इतकी दबली होती की पाणी मुरत नव्हतं. हिरव्या रानात ती फिकट वाट लांबूनही दिसायची. नाना ती कुदळीने फोडू शकले असते. त्यांनी फोडली नाही. भाजीवाल्या माणसाने. त्या वाटेवर नंतर एक-दोन पावसाळे गेले तेव्हा कुठे ती मिटली, आणि त्यानंतर नाना गेले. तिला फसवलं होतं हे न कळताच गेले. मला सगळ्यात जास्त जाळतं ते हे.

कळलं ते काही वर्षांनी, अशाच थंडीत. गांगुर्डे सर सकाळी सकाळी मार्केटात आले. सायकलच्या दांडीला दोन भाले बांधलेले, एक जुना, एक नवा, प्लॅस्टिकमधला. हमाल ओरडले, "सर, भरताची वांगी भाजायला आणलेत का?" सर हसले नाहीत. शाळेला कोणीतरी खेळाचं सामान दिलं होतं, त्यात नवा भाला आला होता. त्यांनी दोन्ही भाले गाळ्यासमोर फरशीवर टोकाला टोक जुळवून ठेवले. मुठीची दोरी नव्या भाल्याची पुढे होती.

"बोट दे," सर म्हणाले. जुना भाला त्यांनी दोरीपाशी माझ्या बोटावर आडवा ठेवला. तो समतोल राहिला. मग नवा भाला टोकापासून तेवढ्याच अंतरावर ठेवला. त्याने नाक खाली घातलं आणि बोटावरून निसटून खण्णकन पडला. मी तो उचलून काट्यावर टाकला. जुनाही टाकला. दोन्हींचं वजन सारखंच.

सरांना पुढे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या धंद्यात वजन बदलत नाही पण काटा कुठे टेकवलाय यावर सगळा खेळ असतो. त्याला काटा मारणं म्हणतात आणि त्यासाठी मी माणसांची गचांडी धरली आहे. नव्या भाल्याचा भार पुढे होता. तो तरंगणारच नव्हता. ज्या मुली उंच, जोरात फेकायच्या त्यांचं फार बिघडलं नाही. बिघडलं ते वाऱ्यावर निजवून फेकणारीचं.

"कधी बदलला?"

सर पाटीवर बसले. "त्याच साली. उन्हाळ्याच्या तोंडाला. जगभर. जुने विक्रमसुद्धा बाजूला ठेवले, नव्याने मोजायला लागले."

"आणि आपल्याला?"

"मला माहीत नव्हतं गं. शपथ." मग म्हणाले, "मी त्या दुसऱ्या मुलीला भेटलो, मॅनेजरच्या हाताखालच्या. शिक्षिका आहे आता. तिला वाटलं मला माहीतच आहे. म्हणाली, आमच्याकडे होळीच्या आधीच आले होते नवे भाले, आम्ही त्यावरच सराव केला."

होळी म्हटल्यावर मला ऑफिसचा तो कोपरा दिसला. प्लॅस्टिक दिसलं. बुटांचा जोड दिसला. त्या सकाळी मी गाळा उघडा टाकून निघाले. असं मी आयुष्यात एकदाच केलंय.

ओझरला सुमन अंगणात तीळ निवडत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आवाज चढवून, शेजारणी दारात आल्या तरी थांबले नाही. वरून एक विमान गेलं तेवढं थांबले. ती ताटातल्या तिळांतून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे हात बरोबर होता?"

"बरोबर होता."

"मी घाबरले नव्हते?"

"नव्हतीस."

 मला वाटलं रडेल, ओरडेल. मी असते तर ताट भिरकावलं असतं. तिने उजवा हात उचलून खांद्यापर्यंत नेला, कोपर वर घेतलं, आणि तो हात परक्याचा असल्यासारखा बघितला. मग खाली ठेवला. म्हणाली, "ताई, इतकी वर्षं मी त्याला नावं ठेवली गं." हातालाच म्हणत होती. मग पदराने तोंड पुसून उठली आणि चहा ठेवायला आत गेली. आतून म्हणाली, "तू भांडायला जाऊ नकोस."

मी तिचं बरीच वर्षं ऐकलं. या थंडीत ऐकलं नाही. इंदिरानगरच्या एका मैदानावर शाळांच्या स्पर्धांचं बक्षीस वाटप होतं, सुमनची मुलगी धावली होती म्हणून मी गेले होते. पाहुणे म्हणून तोच. केस पांढरे, अजून चप्प बसवलेले. शाल, नारळ, हार. बोलताना मुलांना म्हणाला, मोठ्या मैदानावर धैर्य लागतं, आमच्या काळी एक गुणी मुलगी केवळ भीतीने मागे पडली. नाव घेतलं नाही. सुमनच्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. ती गुणी मुलगी कोण, हे तिला माहीत होतं.

मंचावरून तो खाली उतरत होता तेव्हा मी वाट अडवली. "नवे भाले तुमच्या ऑफिसात होळीलाच उभे होते. मी डोळ्यांनी पाहिले. तिला का नाही सांगितलं?"

त्याने मला ओळखलं. मला ते कळलं, कारण हसू लगेच आलं नाही. मग आलं. "अहो ताई, किती वर्षं झाली. नियम सगळ्यांना सारखाच होता."

"नियम सारखा होता. बातमी सारखी नव्हती."

"आता ते उकरून काय होणार?" तो म्हणाला. तोपर्यंत शाळेच्या मास्तरांनी मला बाजूला घेतलं, ताई चहा घ्या, ताई बसा, आणि तो गाडीत बसून गेला. मान वर करून.

म्हणून साहेब, आता सगळ्यांसमोर विचारते. काय होणार, असं तुम्ही विचारलंत. भाला परत तरंगणार नाही, मला ठाऊक आहे. नाना परत येणार नाहीत. विक्रम मोजणाऱ्यांनी जुनं माप बाजूला ठेवून नव्याने मोजलं. तुम्ही मात्र माझ्या बहिणीच्या कपाळी लावलेला तो शब्द इतक्या वर्षांत कधी पुसला नाहीत, उलट परवा तिच्या लेकीच्या कानात घातलात. मला तुमची माफी नको. मला तुमच्याकडून काही वसूल करायचं नाही. उत्तर पाहिजे, आणि तेही मला देऊ नका. ओझर लांब नाही. गाडी मी पाठवते. सुमनच्या घरी या, तिच्यासमोर बसा, आणि तिच्या लेकीच्या देखत सांगा की तुम्हाला माहीत होतं, आणि माहीत असून तुम्ही का सांगितलं नाही. पाणी मिळेल, चहा मिळेल. पण उत्तर दिल्याशिवाय तिथून उठायचं नाही.